सोळा पोर्टचा हब घेण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. भोसरीत तुमचं छोटं युनिट आहे. दूध संकलन केंद्रांसाठी गेटवे बनवता: वजनकाटा आणि फॅट मशीनचे आकडे घेऊन सर्व्हरला पाठवणारा डबा. आत रास्पबेरी पायचं कॉम्प्युट मॉड्यूल ४ आहे, त्यावर ८ जीबीची ईएमएमसी (सोल्डर केलेली साठवणुकीची चिप). एक मास्टर नग तयार करून त्याची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, काढली आहे, आणि ती लॅपटॉपवरून एकेका नगावर टाकता. दर नगाला १२ मिनिटं लागतात. पुढच्या महिन्यात ४०० नग द्यायचे आहेत. १६ पोर्टचा यूएसबी ३ हब घेतला तर एकदम १६ होतील का, आणि होणार असतील तर कोणता घ्यावा?

घेऊ नका. निदान आज तरी नको. पुण्याच्या तपकीर गल्लीत हब कधीही मिळेल, तो कुठे पळून जात नाही.

आधी हिशेब बघू. ४०० नग गुणिले १२ मिनिटं म्हणजे ८० तास, आठ तासांच्या दहा पाळ्या. हे परवडत नाही, मान्य. पण हे मॉड्यूल इमेज घेण्यासाठी यूएसबीवर येतं तेव्हा ते यूएसबी २ चं उपकरण असतं. तुम्ही त्याला यूएसबी ३ च्या कितीही महागड्या हबला लावा, फरक पडत नाही. यूएसबी ३ चा हब म्हणजे दोन जिने असलेला वाडा. एक जिना यूएसबी ३ वाल्यांचा, दुसरा यूएसबी २ वाल्यांचा, आणि एकातून दुसऱ्यात जायला दार नाही. तुमचे सोळाच्या सोळा नग दुसऱ्याच जिन्यावर रांग लावणार. त्या जिन्याची क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात मास स्टोरेजला (डिस्क म्हणून दिसणाऱ्या उपकरणाला) ३५ ते ४० मिळतात, आणि तेही सगळ्यांना मिळून.

आता १६ नगांवर पूर्ण ८ जीबी टाकायचे म्हणजे जवळपास १२५ जीबीचा माल ३५ च्या वेगाने उतरवायचा. त्याला तास लागतो. आज तुम्ही तासाला ५ नग करता, हबवर १६ कराल. म्हणजे सोळापट सोडाच, वाढ जेमतेम तिप्पट. शिवाय सोळांपैकी एक अडकला तर तो कोणता, हे शोधण्यात जाणारा वेळ वेगळा.

मुळात तुमचा आजचा वेगच संशयास्पद आहे. ८ जीबीला १२ मिनिटं म्हणजे सेकंदाला ११ मेगाबाइट. एकटा नग असताना यापेक्षा बरंच जास्त मिळायला हवं. दोन गोष्टी तपासा. डीडी (लिनक्सची कॉपी करणारी आज्ञा) वापरत असाल तर ब्लॉकचा आकार सांगितलाय का? न सांगितल्यास तो ५१२ बाइटचे घास घेत बसतो. ४ मेगाबाइट करा. दुसरं, आरपीआयबूट (मॉड्यूलला यूएसबीवर डिस्क म्हणून उभं करणारं साधन) जुनं असेल तर नवीन घ्या. नव्या आवृत्तीत लिनक्सवर चालणारं मास स्टोरेज गॅजेट येतं आणि ते जुन्यापेक्षा चांगलंच वेगवान आहे.

पण खरा चोर इमेजचा आकार आहे. तुम्ही ८ जीबीची प्रत काढलीत, त्यात खरा माल किती? तुमच्या वर्णनावरून ऑपरेटिंग सिस्टीम, तुमचा प्रोग्रॅम आणि थोड्या लायब्ररी; माझ्या अंदाजाने १.४ जीबीच्या आसपास. बाकीची साडेसहा जीबी मोकळी जागा तुम्ही दर वेळी इमानेइतबारे कॉपी करताय. रूट पार्टिशन (ज्यात सगळी सिस्टीम असते तो भाग) आकसून लहान करा आणि पहिल्या बूटला ते आपोआप पूर्ण चिपभर पसरेल अशी सोय ठेवा. याचा आणखी एक फायदा आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ‘८ जीबी’ ईएमएमसीमधले सेक्टर तंतोतंत सारखे नसतात. काठोकाठ भरलेली इमेज पुढच्या लॉटमध्ये चार सेक्टर जास्त निघाली की रात्री अकराला फोन येतो.

१.४ जीबी तुमच्या आजच्याच ११ च्या वेगाने टाकली तरी सव्वादोन मिनिटांत होते. म्हणजे एक रुपया खर्च न करता १२ मिनिटांची सव्वादोन झाली. हबचा विचार याच्यानंतर.

याच्या पुढची पायरी बीमॅपटूल. हे इमेजसोबत एक छोटा नकाशा ठेवतं, कोणत्या ब्लॉकमध्ये खरा डेटा आहे त्याचा, आणि तेवढेच ब्लॉक लिहितं. शिवाय त्या भागांचे चेकसम (डेटा बदलला का ते ओळखणारे आकडे) नकाशातच असतात. उत्तम साधन आहे, मी वर्षानुवर्षं वापरतो. पण यातच मी एकदा जन्माचा धडा घेतला, तो सविस्तर सांगतो, कारण हा खड्डा वरून दिसत नाही.

नकाशा तयार करायला इमेजची फाइल विरळ असावी लागते, म्हणजे मोकळ्या जागी फाइलमध्ये भोकं असावी लागतात. आमच्याकडची फाइल विरळ नव्हती. मी शॉर्टकट मारला: कॉपी करताना जिथे जिथे सलग शून्यं दिसतील तिथे भोक पाड, असा पर्याय दिला. नकाशा झाला, इमेज टाकली, नग झकास चालले. शेकड्यांनी गेले. मग दुरुस्तीला आलेल्या नगांवर तीच इमेज टाकायला लागलो, आणि तिथे मात्र विचित्र प्रकार सुरू झाले. कधी फाइल सिस्टीम तक्रार करायची, कधी एखादा नग बूटच व्हायचा नाही, कधी तोच नग दुसऱ्या वेळी चालायचा. दोन दिवस आम्ही ईएमएमसीला शिव्या घातल्या.

कारण असं होतं. फाइल सिस्टीमला ‘मोकळी’ वाटणारी जागा आणि ‘शून्यांनी भरलेली’ जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइल सिस्टीमच्या स्वतःच्या नोंदवह्यांत, म्हणजे इनोड टेबलमध्ये, जर्नलमध्ये, शून्यं असतात आणि ती तिथे असणं गरजेचं असतं. माझ्या शॉर्टकटने तीही भोकं ठरली, म्हणून लिहिली गेली नाहीत. कोऱ्या चिपवर न लिहिलेली जागा वाचली की बहुतेक वेळा शून्यच मिळतात, त्यामुळे नव्या नगांवर पाप झाकलं गेलं. दुरुस्तीच्या नगांवर त्या जागी जुना कचरा होता. आणि बीमॅपटूलचा चेकसम तरी काय पकडणार? तो नकाशातलेच ब्लॉक बघतो.

म्हणून भोकं फाइल सिस्टीमला विचारून पाडा: इमेज लूप डिव्हाइसवर (फाइलच डिस्क असल्यासारखी) माउंट करून तिथे एफएसट्रिम (मोकळे ब्लॉक सोडून देणारी आज्ञा) चालवा, किंवा मुळातच इमेज यॉक्टो अथवा बिल्डरूट या इमेज बांधणाऱ्या साधनांनी बनवत असाल तर त्यांनाच विरळ फाइल आणि नकाशा काढू द्या. आणि पद्धत बदललीत की चाचणी कोऱ्या नगावर घेऊ नका. आधी एक नग मुद्दाम कचऱ्याने पूर्ण भरा, मग त्यावर इमेज टाका आणि बघा.

आता एकदम अनेक नगांकडे येऊ. इथे बहुतेक जण एका नगाला किती सेकंद लागले ते मोजतात. माझ्या अनुभवात अडतं ते बहुधा माणसाच्या हातांपाशी. नग उचलायचा, बसवायचा, केबल लावायची, झाल्यावर काढायचा, स्टिकर लावायचा, ठेवायचा. सरावाच्या ऑपरेटरलाही यात नगामागे ४० सेकंद सहज जातात. ८ नगांचा ट्रे धरला तर ३२० सेकंद हातकाम. आणि ८ नगांवर १.४ जीबी, ३५ च्या वेगाने, म्हणजे तेवढेच ३२० सेकंद लिहिणं. वाचून तपासायला आणखी ३२०.

१६ पोर्टच्या एका हबवर काय होईल बघा. हातकाम ६४० सेकंद, त्या वेळात यूएसबी रिकामी. मग १,२८० सेकंद लिहिणं आणि तपासणं, त्या वेळात ऑपरेटर ताई मोबाइल बघत बसलेल्या. तासाला ३० नग. त्याऐवजी आठ-आठचे दोन ट्रे करा, प्रत्येक वेगळ्या यूएसबी कंट्रोलरवर (संगणकातली यूएसबी सांभाळणारी चिप). एक चालू असताना दुसरा भरायचा. १६ जागा तितक्याच, केबली तितक्याच, आणि तासाला ६० नग. तुमची ४०० ची ऑर्डर पावणेसात तासांत संपते. तिसरा ट्रे जोडलात तर ताईंना चहालासुद्धा उसंत मिळणार नाही, म्हणून तो मी मुद्दाम जोडत नाही.

वेगळा कंट्रोलर म्हणजे वेगळा पोर्ट नव्हे. डेस्कटॉपच्या मागचे सहा पोर्ट बऱ्याचदा एकाच कंट्रोलरचे असतात. लिनक्सवर यूएसबीची यादी झाडाच्या रूपात काढा, कोण कुणाखाली आहे ते दिसतं. शंका असेल तर सरळ मोजा: एका नगाचा वेग घ्या, मग दोन पोर्टांवर दोन लावून घ्या. एकूण वेग वाढला तर वाटा वेगळ्या. दुसऱ्या ट्रेसाठी साध्या डेस्कटॉपमध्ये एक पीसीआय एक्सप्रेसचं यूएसबी कार्ड टाकणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. लॅपटॉपवर उत्पादन करू नका, एवढं ऐका.

हबबद्दल दोनच गोष्टी. स्वतःचा अडॅप्टर असलेलाच घ्या, आणि अडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर पोर्टांना भागून बघा. ७ पोर्टचा हब आणि २ अँपिअरचा अडॅप्टर, हे गणित कुठेच बसत नाही. शक्य असेल तर नगांना वीज हबवरून देऊच नका. ट्रेमध्ये एक चांगला एसएमपीएस (वीजपुरवठा) बसवा, यूएसबी फक्त डेटासाठी. दुसरं, बाजारातले मोठे हब आतून लहान हबच एकाला एक जोडून केलेले असतात, आणि यूएसबीत संगणक ते उपकरण यांच्यामध्ये सलग ५ पेक्षा जास्त हब चालत नाहीत. त्यात कंट्रोलरचीही उपकरणं सांभाळण्याची मर्यादा असते. ती ओलांडली की कर्नल ‘होस्ट कंट्रोलरकडे साधनं पुरेशी नाहीत’ अशा अर्थाचा निरोप देतो आणि नग दिसतच नाही. लोक केबल बदलत राहतात, निरोप कुणी वाचत नाही.

कोणत्या जागेवरचा नग कोणता, हे ठरवायला एसडीए, एसडीबी या नावांवर अवलंबून राहू नका. ती नावं नग ज्या क्रमाने जागे होतात त्या क्रमाने मिळतात. आरपीआयबूटमध्ये तर नग आधी ब्रॉडकॉमचं बूट उपकरण म्हणून येतो, छोटा प्रोग्रॅम घेतो, नाहीसा होतो आणि मग डिस्क म्हणून परत येतो. आठ नग एकदम असं करायला लागले की क्रमाचा काही भरवसा नाही. लिनक्सच्या ‘बाय-पाथ’ फोल्डरमध्ये त्याच डिस्क पोर्टच्या पत्त्याने दिसतात. तो पत्ता भौतिक जागेशी बांधलेला असतो. एकदाच बसून कोणता पत्ता म्हणजे ट्रेमधली कितवी जागा हे लिहून काढा, ट्रेवर मार्करने आकडे घाला. आणि स्क्रिप्टमध्ये दोन कुलुपं लावा: डिस्कचा आकार अपेक्षित मर्यादेत नसेल किंवा तिचं नाव पाय मास स्टोरेजचं नसेल, तर लिहू नकोस. मी एकदा स्वतःच्या संगणकाच्या डिस्कवर ग्राहकाची इमेज टाकली आहे. संगणकाने कुरकुर न करता पूर्ण लिहू दिली.

एकाच वाचनातून आठ ठिकाणी लिहिण्याचा मोह होतो, म्हणजे टी (tee) ही लिनक्सची आज्ञा वापरून. टाळा. सगळ्यात हळू नगाच्या वेगाने सगळे चालतात, आणि एखादा मध्येच सुटला तर उरलेल्यांचंही काम रखडतं. प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र प्रक्रिया ठेवा. इमेज एकच असल्याने ती रॅममधून वाचली जाते, होस्टच्या डिस्कवर ताण येत नाही. उघडलेली (कॉम्प्रेस न केलेली) इमेज रॅममध्ये मावेल एवढी मेमरी मात्र हवी.

आता तुमच्या प्रश्नात नसलेली, पण मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. तुम्ही लिहिलंय की मॉड्यूल आयओ बोर्डवर (मॉड्यूलसाठीचा तयार जोडणी-बोर्ड) बसवून इमेज टाकता, मग काढून तुमच्या बोर्डवर बसवता. मॉड्यूल ४ च्या खाली जे दोन १०० पिनांचे कनेक्टर आहेत ते हिरोसेच्या डीएफ४० कुळातले. त्या कुळाची बसवा-काढा सहनशक्ती ३० वेळांची आहे. तीस. मॉड्यूलच्या बाजूने ठीक, ते दोनदाच बसतं. पण तुमचा आयओ बोर्ड ४०० वेळा भोगतो. चाळीस-पन्नास नगांनंतर ‘हा नग दिसत नाही’ अशा तक्रारी वाढल्या असतील तर दोष नगांचा नाही. आयओ बोर्डलाच जिग (नग बसवून काम करायचा साचा) मानायचं तर तो उपभोग्य माल समजा आणि मोजून बदला. त्याहून शहाणपणाचं म्हणजे मॉड्यूल थेट तुमच्या बोर्डवर बसवा, पुन्हा काढूच नका, आणि इमेज तयार बोर्डवर टाका.

त्यासाठी बोर्डच्या पुढच्या आवृत्तीत यूएसबीच्या दोन तारा, ग्राउंड आणि एनआरपीआयबूट ही पिन चाचणी पॅडवर बाहेर काढा. ही पिन ग्राउंडला धरून वीज दिली की मॉड्यूल ईएमएमसीकडे न बघता यूएसबीवर इमेजची वाट बघतं. मग खालून पोगो पिनांचं (स्प्रिंगवर दबणाऱ्या पिनांचं) फिक्स्चर. भोसरी-चिंचवड पट्ट्यात फिक्स्चर बनवणारे गल्लोगल्ली आहेत; ॲक्रिलिकचं नको, एफआरफोरचं (सर्किट बोर्डच्या फायबरग्लासचं) करून घ्या, आणि नग उलटा बसूच नये अशी खुंटी ठेवायला सांगा. ती खुंटी विसरली की काय होतं ते विचारू नका.

पण तुमच्या डब्याला इथरनेटचं जॅक आहेच ना? मग पुढच्या ऑर्डरपासून यूएसबी सोडा. मॉड्यूल ४ चा बूटलोडर (सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) एका छोट्या वेगळ्या एसपीआय मेमरीत असतो आणि त्यात बूटचा क्रम ठरवलेला असतो. क्रम उजवीकडून डावीकडे वाचायचा: १ म्हणजे ईएमएमसी, २ म्हणजे नेटवर्क. ईएमएमसी आधी, नेटवर्क नंतर असा क्रम असेल तर कोरा नग वीज मिळताच नेटवर्कवर जाऊन ‘मला कुणी बूट करतं का’ असं विचारतो. तुमचा सर्व्हर त्याला एक लहानसा लिनक्स देतो, तो रॅममध्ये चालतो, दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) इमेज नेटवर्कवरून ओढतो, उलगडत उलगडत ईएमएमसीवर लिहितो, परत वाचून हॅश (डेटाचा ठसा) काढतो आणि ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ हे सर्व्हरला कळवतो. यूएसबी नाही, पोगो नाही. केबल एक, तीही तुम्ही शेवटच्या चाचणीला लावणारच असता.

वेग बघा. १.४ जीबी दाबून समजा ५०० एमबी झाली. २४ नगांना मिळून १२ जीबी. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० मेगाबाइट धरले तर सगळ्यांचा माल दोन मिनिटांच्या आत पोचतो. लिहिणं तर प्रत्येक नग स्वतःच्या ईएमएमसीवर एकाच वेळी करतो, तिथे रांग नाही. मॉड्यूल ४ च्या ईएमएमसीचा कमाल वेग सेकंदाला १०० मेगाबाइट दिलेला आहे. लिहिताना तेवढा मिळणार नाही, पण वाटेकरीही कुणी नाही. तपासणीचं वाचन तर केबलवरून जातच नाही. रास्पबेरी पायवाल्यांनी स्वतः याच कामासाठी सीएमप्रोव्हिजन नावाची प्रणाली मुक्त स्रोतात दिली आहे. स्वतःची लिहिण्याआधी ती बसवून बघा.

दोन सावधगिऱ्या. निरनिराळ्या वेळी घेतलेल्या मॉड्यूलांत बूटलोडरची आवृत्ती निरनिराळी असू शकते, म्हणून प्रत्येक लॉटमधला एक नग आधी तपासा आणि नेटवर्क क्रमात आहे याची खात्री करा. दुसरी, हे नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून पूर्ण वेगळं ठेवा, स्विच वेगळा, वायर वेगळी. आमच्या एका ओळखीच्या कारखान्यात हा सर्व्हर ऑफिसच्या स्विचला लागला आणि तो सगळ्यांनाच नेटवर्कचे पत्ते वाटायला लागला. अकाउंट्सच्या ताईंचा जीएसटीचा रिटर्न अडकला, आणि त्यानंतर आयटीवाल्या मुलाला त्या ताईंनी महिनाभर चहा विचारला नाही.

भरलेल्या नगावर पुन्हा इमेज टाकायची तर यूएसबीचा रस्ता लागतोच, कारण तो नग ईएमएमसीवरूनच बूट होईल. तेव्हा ती चार पॅड बोर्डवर ठेवाच.

तपासणीबद्दल थोडं कडक बोलतो. तुम्ही लिहिलंय, ‘डीडी संपला की काढतो.’ डीडी संपला म्हणजे डेटा होस्टच्या रॅममध्ये पोचला, एवढंच. चिपपर्यंत तो नंतर सावकाश जातो. सुरुवातीच्या काळात आम्हीही असेच नग ओढून काढायचो. घाईच्या दिवशी केलेले तेवढेच बिघडायचे, निवांत केलेले चालायचे, आणि आम्ही त्यात ग्रहांचा संबंध शोधायचो. डीडीला एफसिंकचा (सगळं चिपवर उतरेपर्यंत थांबण्याचा) पर्याय द्या किंवा रॅमला वगळून थेट लेखन वापरा. आणि इथे एक आणखी चकवा आहे: लिहून झाल्यावर लगेच परत वाचून हॅश काढलात तर ते वाचनही होस्टच्या रॅममधूनच होऊ शकतं. म्हणजे परीक्षेचा पेपर उत्तरपत्रिकेऐवजी गाइडवरून तपासल्यासारखं. थेट वाचन वापरा, नाहीतर नगाची वीज घालवून, तो पुन्हा जोडून मग वाचा. तसंच, डेस्कटॉप लिनक्सवर आपोआप माउंट होणं बंद करा. इमेज टाकून झालेला नग दिसला की फाइल व्यवस्थापक तो माउंट करतो, फाइल सिस्टीमवर माउंटची वेळ लिहितो, आणि तुमचा हॅश जुळेनासा होतो.

मास्टर नगाची प्रत काढण्याचा सगळ्यात महागडा तोटा अजून सांगितलाच नाही. मास्टर नग एकदा बूट झालेला असतो, म्हणजे त्याला ओळख मिळालेली असते: मशीन-आयडी, एसएसएच होस्टच्या किल्ल्या (दुरून लॉगिन करताना यंत्राची ओळख पटवणाऱ्या), होस्टचं नाव. प्रत काढलीत की ४०० नगांची ओळख एकच. चाकणच्या एका कारखान्यात आम्ही एकाच नेटवर्कवर चाळीस डबे बसवले होते. सुटे सुटे तपासले तेव्हा सगळे चालले. एकत्र लावल्यावर एकामागून एक गायब. मॅक पत्ते वेगळे, केबली नव्या, स्विच नवा. शेवटी डीएचसीपीची (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेची) नोंद बघितली तर सर्व्हर सगळ्यांना एकच आयपी देत होता. आमच्या इमेजमध्ये नेटवर्क सांभाळायला सिस्टमडी-नेटवर्कडी होतं, आणि ते डीएचसीपीला स्वतःची ओळख मॅक पत्त्यावरून सांगत नाही, मशीन-आयडीवरून काढून सांगतं. चाळीस जणांचा मशीन-आयडी एक. सर्व्हरच्या दृष्टीने एकच माणूस चाळीस वेळा दार वाजवत होता.

तेव्हा इमेज गोठवण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करा. पुसू नका, रिकामी ठेवा, पहिल्या बूटला नवी बनते. एसएसएचच्या होस्ट किल्ल्या काढून टाका आणि पहिल्या बूटला बनतील अशी सेवा ठेवा. किल्ल्या बनवताना यंत्राकडे पुरेशी यादृच्छिकता असावी लागते. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या किल्ल्या तपासल्या तेव्हा अशाच छोट्या उपकरणांच्या कितीतरी किल्ल्या एकमेकींसारख्या निघाल्या, कारण पहिल्या बूटला त्यांच्याकडे यादृच्छिकताच नव्हती. मॉड्यूल ४ मध्ये हार्डवेअरचा रँडम नंबर जनरेटर आहे, तो कर्नलमध्ये चालू आहे एवढं बघा. तुमच्या सर्व्हरशी बोलण्याची किल्ली मात्र इमेजमध्ये कधीच नको. ती प्रत्येक नगाला प्रोव्हिजनिंगच्या (इमेज टाकून नग तयार करण्याच्या) वेळी स्वतंत्र द्या. एक डबा कुणी उघडला तर एकाच डब्याची किल्ली जाईल.

नोंद ठेवा. प्रत्येक नगाचा प्रोसेसरचा सीरियल, मॅक पत्ता, ईएमएमसीचा सीआयडी (चिपचा ओळख क्रमांक), इमेजचा हॅश, तारीख, ट्रेमधली जागा. एक साधी सीएसव्ही पुरते. आज हे कारकुनी वाटेल. पण सहा महिन्यांनी घोडेगावच्या केंद्रावरून फोन आला की त्या नगावर कोणती इमेज आहे हे टेबलावर बसून कळतं, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस घालवून नाही. आणि ट्रेमधल्या पाचव्या जागेचेच नग जास्त नापास होतायत, हेही त्या सीएसव्हीतच दिसतं.

हे सगळं मॉड्यूलवरच्या ईएमएमसीबद्दल झालं. पुढे स्वतःच्या बोर्डवर सुटी चिप लावणार असाल तर नियम बदलतात. चिप आधीच प्रोग्रॅम करून मग सोल्डर करायची तर रिफ्लोची (सोल्डर वितळवणारी) भट्टी तिला २४५ अंशांच्या आसपास नेते, आणि तेवढ्या उष्णतेत साठवलेले बिट सरकू शकतात. ईएमएमसी ५.० पासूनच्या मानकात यासाठीच ‘ही चिप अजून सोल्डर व्हायची आहे’ असं सांगायची सोय आहे, पण चिपवाला आणि प्रोग्रॅमरवाला दोघांनीही ती नीट पाळायला हवी. मी सोल्डर झाल्यावरच लिहितो. कच्ची नँड (स्वतःचा कंट्रोलर नसलेली फ्लॅश चिप) असेल तर बाइट-टू-बाइट प्रतीचा विचारच सोडा. तिच्यात कारखान्यातूनच खराब ब्लॉक असतात, प्रत्येक चिपमध्ये वेगळ्या जागी. लहान एसपीआय नॉर (दुसऱ्या प्रकारची छोटी फ्लॅश चिप) सोपी, पण ती सावकाश पुसली जाते. १६ एमबीची चिप पूर्ण पुसून लिहायला मिनिट-दीड मिनिट सहज जातं, त्यामुळे तिथे मात्र एकदम अनेक करण्याचा खरा फायदा होतो.

सुरक्षित बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू करण्याचा विचार असल्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्यात किल्लीचा हॅश चिपच्या आत कायमचा जाळला जातो, परतीचा रस्ता नाही. ४०० च्या लॉटमध्ये तो प्रयोग करू नका. दहा नग वेगळे काढा, त्यांच्यावर करा, महिनाभर वापरा.

या ऑर्डरपुरतं मी काय केलं असतं? दोन दिवस इमेजवर: आकार कमी, ओळख पुसलेली, कचऱ्याने भरलेल्या नगावर तपासलेली. मग एक जुना डेस्कटॉप, त्यात यूएसबी कार्ड, आठ-आठचे दोन ट्रे, मागे यूपीएस. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा मोठं उत्पादन गुरुवारी लावू नका. लिहिताना वीज गेली तर ईएमएमसीला सहसा काही होत नाही, पुन्हा लिहायचं. पण कोणत्या नगापर्यंत आलो होतो याचा गोंधळ होतो, आणि गोंधळातला नग पास झालेल्यांच्या क्रेटमध्ये जातो.

नापास नगांसाठी लाल क्रेट वेगळा. एकदा नापास झाला तर दुसऱ्या जागेवर, दुसऱ्या केबलने एकदाच करून बघा. तिथे पास झाला तर नग नाही, आधीची जागा संशयित. दोन्हीकडे नापास झाला तरच मॉड्यूल बाजूला काढा. आणि केबली दर हजार-बाराशे नगांनंतर डोळे मिटून बदला. लाल क्रेटमधले निम्मे नग त्या दिवशी आपोआप बरे होतात.